सुनेची जर्मन झडती

दुर्गेश्वरी जर्मन भाषेच्या परीक्षेत पास झाली. काठावर नाही, चांगली दणक्यात पास झाली. निकाल मोबाईलवर आला, तिने तो घरापुढच्या सपरीत उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला, सासूबाई शामकला यांनी देवापुढे साखर ठेवली, आणि सासरे यादोराव यांनी सगळं नीट ऐकून घेतल्यावर घसा खाकरून सांगितलं, "असं काई झालं नाही."

यादोरावांच्या घरात यादोरावांचा शब्द शेवटचा असतो, तेव्हा आपल्यालाही तो पाळणं भाग आहे. तर, दुर्गेश्वरी पास झालेली नाही. परीक्षाच झालेली नाही. साल दोन हजार अकरा, मृग लागायला थोडा अवकाश आहे, गाव सडक अर्जुनीपासून सायकलने जाता येईल एवढं जवळ आहे, आणि त्या गावात जर्मन भाषेतला एकही शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही.

हेमेंद्र हा यादोरावांचा एकुलता एक मुलगा. गोंदियाच्या राईस मिलांमध्ये तांदळातले काळे दाणे वेचून काढणाऱ्या मशिनी असतात. त्या दुरुस्त करता करता तो मशीन बनवणाऱ्या कंपनीला इतका आवडला, की त्यांनी त्याला मशिनींच्या माहेरीच, म्हणजे जर्मनीला, उचलून नेलं. तिथून तो वैशाखात सुट्टी काढून आला, देवरीच्या दुर्गेश्वरीशी लग्न केलं आणि अंगाची हळद उतरायच्या आत परत गेला. लग्नानंतर नवरा तिला जेवढा भेटला, त्याहून गावचा पोस्टमन जास्त भेटला असेल.

तिला नवऱ्याकडे जायचं होतं. मागणी अवाजवी नव्हती. पण तिकडच्या सरकारचा नियम असा, की नवऱ्याजवळ राहायला यायचं तर बायकोने आधी पहिल्या पायरीची जर्मन परीक्षा पास करून यावं. जो नवरा घरात इकडची झाडीबोली बोलतो त्याच्याशी बोलायला जर्मन कायले पाहिजे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. परीक्षा पुण्यात, दिवाळीच्या आधी. पास झाली तर व्हिसा. नापास झाली तर पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि तोवर नवरा म्हणजे कोहमाऱ्याच्या सायबर कॅफेतला एक अडकणारा, थिजणारा, तोंड उघडं टाकून बसणारा फोटो.

हेमेंद्रने पुस्तक पाठवलं, सीडी पाठवली. सीडीत हेर क्राउझे नावाचे एक गृहस्थ होते. ते पहिल्या धड्यात विचारायचे, स्टेशन कुठे आहे? दुसऱ्या धड्यात पुन्हा तेच. आणखी काही धड्यांनी अर्ध्या गावाला कळलं, की स्टेशन सरळ जाऊन डाव्या हाताला आहे. फक्त हेर क्राउझेंना कळत नव्हतं.

"लई भोळा मानूस आहे बाप्पा," शामकलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "कोनीतरी नेऊन सोडा ना त्याले एकदाचं."

दुर्गेश्वरी बी.ए. झालेली होती, त्यामुळे तिला अभ्यासाची एकच पद्धत ठाऊक होती: पुस्तक मांडीवर घ्यायचं, ओठ मिटायचे आणि मनात वाचायचं. ती मनात वाचायची आणि मनातच विसरायची. हेर क्राउझे स्टेशन शोधत राहायचे, आणि तोवर हिच्या डोक्यातले सगळे शब्द गाडी पकडून निघून जायचे.

आता या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं, मान होता. डोक्यावर पदर, नजर खाली आणि निरोप दाराला. "जेवण झालं म्हणा," असं ती दाराला सांगायची. "येतो म्हना," असं यादोराव सपरीतल्या खांबाला सांगायचे. दार आणि खांब यांच्या समजूतदारपणावर घर व्यवस्थित चाललं होतं. अडचण एकाच बाबतीत होती. यादोरावांना साखरेचा आजार निघाला होता, डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि तरी गुळाचा डबा हलका होत होता. "मुंग्या लई झाल्या," असं यादोरावांचं म्हणणं. दुर्गेश्वरीने एकदा भर दुपारी त्या मुंगीला मिशी पुसताना पाहिलं होतं. पण दाराला असल्या गोष्टी कशा सांगायच्या?

मग ती सकाळ आली. यादोराव सपरीत बसून बैलाची वेसण वळत होते. आत सीडी चालू होती. सीडीतल्या बाईने मोठ्या अदबीने विचारलं, "वी गेट एस ईनन?" म्हणजे, आपण कसे आहात?

यादोराव त्या बाईला रोज ऐकत होते. घरात आलेल्या बाईने तब्येत विचारावी आणि आपण गप्प बसावं, हे त्यांना बरेच दिवस खटकत होतं. आज त्यांच्याने राहवलं नाही. मान वर न करता ते म्हणाले, "गूट, डांके." म्हणजे, बरा आहे, धन्यवाद.

तेवढ्यात लाईट गेली. सीडी बंद पडली. धड्यातलं पुढचं वाक्य अधांतरी राहिलं. आणि आतून, अगदी खणखणीत, दुर्गेश्वरीच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं.

"उंड ईनन?"

म्हणजे, आणि आपण? वेसण यादोरावांच्या हातातच राहिली. गोठ्यातल्या बैलाने सुद्धा रवंथ थांबवलं, असं शामकलाबाई पुढे सांगायच्या. चुलीजवळून त्यांनी विचारलं, "कोन बोललं?"

 दुर्गेश्वरीने जीभ चावली. आपण मामाजींशी, सासऱ्यांशी, बोललो! तोंडावर! पदर होता डोक्यावर, पण पदराने काय होतं? ती दाराआड उभी राहून ओरडा पडायची वाट बघत राहिली.

यादोराव मात्र विचारात पडले होते. रीत मोडली का? त्यांनी मनातल्या मनात सगळी रीत उलटीपालटी करून पाहिली. सुनेने सासऱ्याशी मराठीत बोलू नये, हे खरं. हिंदीतही नाही. पण जर्मनमध्ये बोलू नये, असं त्यांच्या आजाने, पणजाने, गावच्या कोणत्याही जाणत्याने कधी सांगितलं नव्हतं. प्रसंगच आला नव्हता.

"खांबा," त्यांनी खांबाला सांगितलं, "सुनेले विचार, 'भूक लागली'ले का म्हनते."

दार जरासं हललं. "इश हाबे हुंगर," दुर्गेश्वरी थेट सासऱ्याला म्हणाली.

"इश हाबे हुंगर!" यादोराव थेट सुनेला म्हणाले. आणि मग दोघांना इतकं हसू आलं, की शामकलाबाई हातातली पळी घेऊनच बाहेर आल्या.

त्या दिवसापासून घराचा ताबाच सुटला. यादोरावांना बोलायला नवं माणूस मिळालं होतं, तेही घरातलंच. पण मनातल्या मनात वाचायची सुनेची पद्धत त्यांना अजिबात पटली नाही. ते खांबाला म्हणाले, "मनात पाठ केलेलं मनातच राहते. तोंडाले पाहिजे तर तोंडानं ओरडावं लागते. पोळ्याच्या झडत्या कोनी मनात म्हनते का?"

यादोराव हे पंचक्रोशीतले झडत्यांचे राजे. पोळ्याला सगळ्या गावाच्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. एकेक जण पुढे येतो आणि दोन ओळींची, यमक जुळवलेली, कोणाची तरी यथेच्छ टिंगल करणारी झडती म्हणतो. शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला!" म्हणून हात वर करतो आणि सारं गाव ओरडतं, "हर हर महादेव!" गाव ओरडलं तरच झडती लागली. गाव गप्प राहिलं तर हात वर ठेवून तिथंच उभं राहायचं. पुढची झडती तोवर म्हणता येत नाही.

तर जर्मन भाषेच्या झडत्या बनल्या. धान रोवताना, भांडी घासताना, म्हशीला पाणी पाजताना एकच गजर.

"भाकर म्हंजे ब्रोट, खुर्ची म्हंजे श्टूल,
जर्मनीत फुलते का रे मोहाचं फूल?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

"हर हर महादेव!" यादोराव धानाच्या बांधीतून ओरडायचे. रोवणीला आलेल्या बायाही ओरडायच्या. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण महादेवाला नाही कोण म्हणणार? आणि दुर्गेश्वरी, जिला एक शब्द दोन दिवस आठवत नव्हता, तिला आता झोपेतून उठवलं तरी खुर्ची सुचत होती. तिचा आवाज चढला. चिखलात गुडघाभर उभी राहून ती हात वर करायची तेव्हा बगळे उडायचे.

वार शिकायची वेळ आली तेव्हा यादोराव गोठ्यात गेले. बैलजोडीतला डावा मोन्टाग झाला, उजवा डीन्सटाग. म्हैस मिटवोख, गाय डोनर्सटाग, दोन शेळ्या फ्रायटाग आणि झाम्सटाग. रविवार उरला, तो कोंबड्याला दिला. झोनटाग पहाटे आरवला की दुर्गेश्वरी अंथरुणातूनच सगळा आठवडा म्हणायची. पुढे एका रविवारी तिच्या माहेरचे पाहुणे अचानक आले आणि शामकलाबाईंनी पाहुणचारासाठी कोंबडा कापला. त्या दिवशी जेवताना दुर्गेश्वरीला घास गिळवेना.

"काऊन वो, तिखट झालं का?" शामकलाबाईंनी विचारलं.

"आई, तुमी रविवार कापला," ती म्हणाली.

जर्मनमधली आणखी एक भानगड अशी, की तिथे प्रत्येक वस्तूला लिंग असतं आणि ते वस्तूकडे बघून कळत नाही. खुर्ची पुरुष आहे, दार बाई आहे आणि घर दोन्ही नाही. यादोरावांनी यावरही उपाय काढला. बैलांच्या शिंगांना लावायचे रंग गेल्या पोळ्याचे उरले होते. पुरुषाला निळा, बाईला लाल, मधल्याला हिरवा. एका दुपारीत खुर्ची निळी झाली, दार लाल, खिडकी हिरवी. दुधासाठी बादलीला लाल पट्टा, पाण्यासाठी माठाला हिरवा ठिपका. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. गावातल्या तिन्ही पार्ट्यांचे लोक येऊन गेले आणि आपापला रंग पाहून तिन्ही पार्ट्या खूश होऊन गेल्या.

"अन् पोरगी कोनत्या रंगाची?" शामकलाबाईंनी ब्रश उचलून विचारलं.

"हिरवी," दुर्गेश्वरी म्हणाली. "जर्मनमध्ये पोरगी बाई नाही. मधलीच आहे."

"तिकडंही?" असं म्हणून शामकलाबाईंनी ब्रश खाली ठेवला.

बघता बघता पोळा आला. बैलांना बेगड लागली, झुली चढल्या, मोन्टागच्या कपाळावर मोरपीस बांधलं. तोरणाखाली गाव जमलं. बाया आरतीची ताटं घेऊन एका अंगाला उभ्या राहिल्या. त्यांच्यात दुर्गेश्वरी.

यादोरावांचा वर्षानुवर्षांचा प्रतिस्पर्धी खुशाल. तो शेला कमरेला खोचून पुढे आला.

"यादोरावचं घर पाहा, लाल, हिरवं, निळं,
पोरगा गेला जर्मनीले, घरच झालं खुळं!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

"हर हर महादेव!" गाव खुशीत ओरडलं. यादोराव वाटच बघत होते. ते मोन्टागच्या पाठीवर थाप मारून पुढे झाले.

"हात म्हंजे हांड, कुत्रा म्हंजे हुंड,
खुशालभाऊच्या बैलामागं माशाईची झुंड!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

गाव दुप्पट ओरडलं. खुशालने हात झाडला. "अबे, हे तर तू शिकला! परीक्षा तुही आहे का सुनेची? सून काय शिकली ते सांग. का तिच्या जागी तूच नांदायले जाऊन राहिला पोराकडं?"

हशा पिकला.  पोळ्यात बाईमाणसाने झडती म्हणायची पद्धत नव्हती. सुनेने, सासऱ्यासमोर, तर नाहीच नाही. यादोरावांनी बायांच्या घोळक्याकडे पाहिलं नाही. बैलाकडे पाहिलं.

"मोन्टाग," ते म्हणाले, "तिले म्हना, जर्मनमध्ये काई बंदी नाही."

 दुर्गेश्वरीने आरतीचं ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि तोरणाखाली येऊन उभी राहिली. बैलांच्या घंटांखेरीज आवाज नाही.    आत्ता नाही तर कधी नाही!

"नाक म्हंजे नाझे, कान म्हंजे ओर,
आमच्या घरच्या गुळाले मिशीवाला चोर!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

तिचा हात वर होता. गाव गप्प. सगळ्यांचे डोळे यादोरावांच्या मिशीकडे गेले. यादोरावांचा हात आपोआप मिशीकडे गेला, आणि त्याबरोबर गुन्हा शाबीत झाला. शामकलाबाई ताटासकट हसायला लागल्या. पण झडतीला उत्तर मिळालं नव्हतं, आणि उत्तर न मिळता सून हात वर करून उभी होती. मग यादोरावांनीच छाती भरून श्वास घेतला.

"हर हर महादेव!"

सारं गाव त्यांच्या मागून गरजलं. बैल बिथरले. खुशालने येऊन यादोरावांना मिठी मारली आणि म्हणाला, "हे सून गेली तर आपलं कसं होईन बे?"

यादोराव हसत होते. त्या वाक्याला हसणं थांबलं.

कारण ही गोष्ट त्यांनी अद्याप हिशेबात धरलीच नव्हती. सून शिकत होती ती जायला. आपण शिकवत होतो ते तिला पाठवायला. संध्याकाळी ते सपरीत बसले तेव्हा दुर्गेश्वरीने बिनसाखरेचा चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "बिटे." घ्या. ते म्हणाले, "डांके." एवढंच बोलणं, पण मधे दार नव्हतं, खांब नव्हता. गुळाच्या डब्यात त्यानंतर मुंग्या आल्या नाहीत.

परीक्षेला दोघं निघाले, महाराष्ट्र एक्सप्रेसने. घोटाळा गाडीत कळला. दुर्गेश्वरी स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करत होती. "इश हायसे दुर्गेश्वरी," ती म्हणाली, हात वर केला आणि थांबली.

"हर हर महादेव," यादोराव म्हणाले.

"इश कोमे आउस इंडिएन." मी भारतातून आले. हात वर. थांबली.

"हर हर महादेव," यादोराव म्हणाले आणि एकदम ताठ बसले. "आता गं? तिथं महादेव कोन म्हनन?" आणि आपण मराठीत थेट बोललो हे ध्यानात आल्यावर त्यांनी तेच वाक्य घाईघाईने खिडकीच्या गजाला पुन्हा सांगितलं.

 दुर्गेश्वरीने न थांबता दोन वाक्यं म्हणून बघितली. जमेना. पहिलं वाक्य संपलं की हात वर जायचा, आणि कोणी उत्तर देईपर्यंत दुसरं वाक्य आत अडकून बसायचं, जसं काही बैलाने पायच रोवले. यादोरावांनी शेला तोंडात कोंबून पाहिला. ते गप्प राहिले तशी तीही गप्प राहिली. वर्धा गेलं, अकोला गेलं, भुसावळ गेलं. हात वरच. समोरच्या बर्थवरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "दुखतोय का खांदा? बाम देऊ?"

पुण्यात केंद्राच्या दारात चौकीदाराने यादोरावांना अडवलं. "फक्त परीक्षार्थी."

"मी महादेव म्हनाले आलो," यादोराव म्हणाले.

चौकीदाराला त्याच्या नोकरीत असं कारण कोणी दिलं नव्हतं. तरीही त्याने नाही म्हटलं. दुर्गेश्वरी आत गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं. यादोराव फाटकाचे गज धरून उभे होते, आणि ती परदेशाला आत्ताच निघाली आहे असं त्यांचं तोंड झालं होतं.

लेखी पेपर चांगला गेला. प्रत्येक खुर्ची तिला निळी दिसली, प्रत्येक दार लाल. एका प्रश्नात हेर क्राउझे पुन्हा स्टेशन विचारत होते. त्यांना तिने मायेने डावीकडे पाठवलं.

मग तोंडी परीक्षा. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक जर्मन बाई, टेबलाच्या या बाजूला तीन परीक्षार्थी: पुण्याच्या एक इंजिनियरबाई, कोल्हापूरचा एक स्वयंपाकी आणि आमची दुर्गेश्वरी. जर्मन बाईंनी तिला ओळख करून द्यायला सांगितलं.

"इश हायसे दुर्गेश्वरी," ती म्हणाली.

हात वर गेला. तिने तो थांबवायचा प्रयत्न केला. तो तिचं ऐकत नव्हता. वाक्य संपलं होतं, हात वर होता आणि खोलीत पंखा फिरत होता. कोणीही महादेव म्हटलं नाही. इंजिनियरबाईंनी वर छताकडे पाहिलं, तिथे काही दाखवतेय की काय म्हणून.  नवरा, व्हिसा, मोहाचं फूल, सगळं त्या हाताच्या टोकावर लटकलेलं. संपलं आता.

 जर्मन बाई चष्म्यावरून बघत, मान पुढे काढून, उत्सुकतेने म्हणाल्या, "उंड?"

म्हणजे, आणि? पुढे?

पुढे! दुर्गेश्वरीच्या अंगातून वीज गेली. शब्द महादेव नव्हता, पण आवाज तोच होता: म्हण बाई, आम्ही ऐकतोय! हात झटकन खाली आला.

"इश कोमे आउस इंडिएन!" हात वर.

"उंड?" बाई म्हणाल्या.

"इश वोने इन गोंदिया!" हात वर.

"उंड?" आता बाई हसत होत्या, आणि कोल्हापूरचा स्वयंपाकीही नकळत म्हणून गेला, "उंड?"

भाषा कोणत्या, छंद कोणता, घरात कोण कोण, सगळं धडाधड सुटलं. आवाज चढत गेला. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला इंजिनियरबाईही सामील झाल्या. मग चिठ्ठ्या उचलून एकमेकांना प्रश्न विचारायचे होते. विषय आला खाणंपिणं. स्वयंपाक्याने तिला विचारलं, "रविवारी आपण काय खाता?"

दुर्गेश्वरीचा चेहरा पडला. पण खोटं कसं बोलायचं? "रविवारी," ती जड आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, "आम्ही रविवार खाल्ला."

बाईंनी पेन उचललं. "रविवारी... जेवलात?"

"रविवार खाल्ला. तो फार चांगला होता. सकाळी गायचा." हात वर.

"उंड?" सगळे एका आवाजात ओरडले.

खोलीची खिडकी उघडी होती आणि ती फाटकाच्या बाजूला होती. खाली गज धरून उभ्या असलेल्या माणसाला शब्द कळले नाहीत, पण लय कळली. एक आवाज एकट्याने चढतो, थांबतो, आणि मग पुष्कळ आवाज मिळून उत्तर देतात. झडती लागली होती! यादोरावांनी शेला भिरकावला, दोन्ही हात वर केले आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "हर हर महादेव!"

जर्मन बाई खिडकीशी गेल्या. खाली चौकीदार एका म्हाताऱ्यामागे धावत होता.

"तो कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे सासरे," दुर्गेश्वरी जर्मनमध्ये म्हणाली. "माझे शिक्षक." आणि या वेळी तिचा हात वर गेला नाही. डोळ्यांकडे गेला.

त्यानंतर निकाल आला, आणि यादोरावांनी काय सांगितलं ते आपण ऐकलंच आहे. असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सीडी लावली. हेर क्राउझे स्टेशन विचारू लागले.

"परीक्षा जवळ आली म्हना," त्यांनी खांबाला सांगितलं. "अभ्यास कर म्हना."

दुर्गेश्वरी दारातून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. "श्वीगरफाटर," ती म्हणाली. म्हणजे मामाजी. "इश गेए." मी जाते आहे.

यादोरावांना जर्मनमधली पुष्कळ वाक्यं येत होती. त्यातलं सगळ्यात पक्कं वाक्य त्यांनी निवडलं. "इश फेरश्टेए निश्ट," ते म्हणाले. मला समजत नाही.

"मामाजी," ती मराठीत म्हणाली. थेट. दार, खांब, मोन्टाग, कोणीही मधे नाही. "मी जाऊन राहिली. पन रोज फोन करीन. तुमीच उचला."

त्यांनी हातातली वेसण खाली ठेवली. मग त्यांनीही थेट सुनेला सांगितलं, "वही आन. अर्ज लिहाचा आहे. तुहं अक्षर चांगलं आहे."

तिने लिहिलेला अर्ज असा:

प्रति, मा. राजदूत साहेब, जर्मनी देश, दिल्ली. मार्फत, मा. तहसीलदार, सडक अर्जुनी.

विषय: जर्मनी जवळ आणण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची सून आपली परीक्षा रीतसर पास झाली असून ती आपल्याकडे येत आहे. आपल्या नियमाप्रमाणे अर्जदाराच्या कुटुंबाने जर्मन शिकून घेतलेले आहे. बैल, म्हैस, गाय व शेळ्याही शिकलेल्या आहेत. आमच्याकडून जे करावयाचे ते झाले आहे. आता आपल्याकडून व्हावे. तरी विनंती की, सदर जर्मनीचा जेवढा भाग अर्जदाराच्या मुलाच्या व सुनेच्या खोलीला लागतो, तेवढा भाग कोहमारा फाट्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, शक्यतो पुढच्या पोळ्याच्या आत, हलविण्यात यावा. जागेची अडचण असल्यास अर्जदार आपल्या बांधीचा नाल्याकडचा कोपरा देण्यास तयार आहे. त्या कोपऱ्याचा रंग हिरवा ठेवावा की निळा, तेही कृपया कळवावे. आदेश होईपर्यंत अर्जदार गुळाला हात लावणार नाही.